पोपचे चित्र आणि गुलामाचा चेहरा

सत्तेला चित्रकार लागतो, हे रोमच्या धर्मपीठाने फार लवकर ओळखले. राफाएलने पोप दुसऱ्या ज्युलियसचे चित्र रंगवले. मायकेलॅन्जेलोने त्याचाच भव्य ब्राँझ पुतळा बोलोन्या शहरावरील विजयाची खूण म्हणून घडवला. १५०८ मध्ये तो चर्चच्या दर्शनी भिंतीवर बसला. १५११ मध्ये पोपची तेथील सत्ता उलथताच पुतळा खाली ओढून फोडण्यात आला आणि त्या धातूची तोफ ओतली गेली. दहशतीने उभारलेल्या प्रतिमेचे आयुष्य दहशतीइतकेच असते. मुंबईलाही हे ठाऊक आहे. राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला १८९६ मध्ये चापेकरांनी डांबर फासले, आणि १९६५ मध्ये राणी व काळा घोडा या दोघांचीही रवानगी भायखळ्यास झाली.

परंतु पोपच्या चित्रांचा इतिहास याहून मोलाचा धडा देतो. १६५० साली वेलास्केझने रोममध्ये पोप दहाव्या इनोसंटचे चित्र काढले. लाल वस्त्रांतील तो करडा, संशयी चेहरा आजही पाहणाऱ्यास अस्वस्थ करतो. त्याच वर्षी, त्याच शहरात, त्याच कुंचल्याने हुआन द पारेहा या आपल्या गुलामाचेही चित्र रंगवले. ताठ मान, थेट नजर. प्रतिष्ठेत तो पोपहून तसूभरही उणा नाही. मात्र चित्राने गुलामी संपली नाही. त्यासाठी मुक्तीचा दस्तऐवज करावा लागला, तोही आणखी चार वर्षांच्या चाकरीच्या अटीवर. कला माणसाला प्रतिष्ठा देते. हक्क झगडूनच मिळवावे लागतात.

श्रमिकाची अशी प्रतिमा मुंबईत हुतात्मा चौकात आहे: मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. परंतु ती वर्गाची प्रतिमा आहे, पारेहासारखी एका माणसाची नव्हे. पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी सप्टेंबर १९८१ च्या धर्मपत्रात भांडवलापेक्षा श्रमाला अग्रक्रम दिला. चारच महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणगावातील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. फेब्रुवारी १९८६ मध्ये हेच पोप शिवाजी पार्कवर आले, तेव्हा शेजारच्या परळ-लालबागचा कामगार पराभूत होऊन विखुरला होता. पोपचा चेहरा जगाने जपला. त्या कामगाराचा कोणी जपला?

हा प्रश्न समाजवादी चळवळीलाही चुकणार नाही. पक्षकार्यालयाच्या भिंतीवर नेत्यांच्याच तसबिरी असतील, तर चळवळ आपलेच पोप निर्माण करीत आहे. साचाखात्यातला विणकर, वाइंडिंगमधील स्त्री, संपकाळात उधारीवर जेवू घालणारी खानावळवाली यांतील कित्येकजण आज वार्धक्यात आहेत. कार्यकर्त्यांनी चाळीचाळींत जावे, जे. जे.मधील तरुण चित्रकारांना सोबत न्यावे, आणि हे चेहरे नावानिशी रंगवून घ्यावेत. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिलेच आहेत. ज्यांच्या घामावर त्या गिरण्या चालल्या, ती माणसे तरी निनावी जाऊ नयेत.