शिक्षणाचा हक्क आणि मालकाची सही

अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर नोकरी करणारा भारतीय तंत्रज्ञ दिवसभर कचेरीत राबतो आणि संध्याकाळी विद्यापीठाच्या वर्गात, अथवा घरीच संगणकासमोर, पदव्युत्तर अभ्यासाला बसतो. मध्यमवर्गीय महाराष्ट्रात या चिकाटीचे कौतुक होते. ते जरूर व्हावे. परंतु या कष्टांमागे जी आर्थिक रचना उभी आहे, तिची चिकित्सा क्वचितच होते.

अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने एच-१बी हा व्हिसा आजच्या स्वरूपात आणला. प्रथम तीन वर्षे आणि एकूण सहा वर्षे, अशी त्याची सर्वसाधारण मुदत. मंजूर होणाऱ्या अर्जांत गेली अनेक वर्षे निम्म्याहून कितीतरी अधिक वाटा भारतीयांचा आहे. नोकरी चालू असेतोवर व्हिसाधारकाने अभ्यास करण्यास कायद्याची हरकत नाही. कागदावर हे स्वातंत्र्य आहे. प्रत्यक्षात काय घडते? तीस क्रेडिटची पदवी म्हणजे साधारण दहा विषय. नोकरी सांभाळून सत्राला एक विषय घेतला, तर वर्षाकाठी दोन विषय होतात आणि पदवीला पाच वर्षे लागतात. सहा वर्षांतील पाच वर्षे अशी जातात. दरम्यान नोकरी गेली, तर नवा मालक शोधण्यास अथवा देश सोडण्यास जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. विद्यापीठाचे एक सत्र त्याहून लांब असते. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून राहण्याची वाट आहे, पण तीत पगार थांबतो आणि शुल्क मात्र वाढते. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी देशाबाहेरील कामगारांसाठीच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्क लादले. तेव्हापासून मायदेशी परतून पुन्हा येण्याची आशा धरणेही कठीण झाले.

मग हा खटाटोप कशासाठी? ज्ञानाची ओढ असतेच. पण व्यावहारिक कारणही आहे. आपल्या विद्यापीठांची तीन वर्षांची बी.एस्सी. वा बी.कॉम. पदवी तेथील चार वर्षांच्या पदवीच्या तोलाची सहसा मानली जात नाही. कायम वास्तव्याच्या अर्जांतही मास्टर्सची पदवी आवश्यक असलेल्या कामांचा वर्ग निराळा आहे. परंतु निव्वळ पदवी मिळवून त्या वर्गात शिरता येत नाही. त्या जागेसाठी अशी पदवी आवश्यक आहे, असे मालकाने दाखवून द्यावे लागते आणि अर्जही बहुधा त्यानेच करावयाचा असतो. शिवाय कोणत्याही एका देशाच्या नागरिकांना अशा वास्तव्याच्या जागांपैकी साधारण सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. रात्रीचा दिवस करून पदवी मिळवतो कामगार. तिचे मोल ठरते ते मालकाच्या सहीने!

शुल्काचा प्रश्नही याच दिशेने नेतो. केंद्र सरकारचे विद्यार्थी-साहाय्य तात्पुरत्या व्हिसावरील माणसाला मिळत नाही. अनेक कंपन्या शुल्काचा भार उचलतात. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या अशा मदतीवर कामगाराला करही पडत नाही. परंतु ठराविक काळाच्या आत नोकरी सोडल्यास ही रक्कम परत करण्याची अट बहुधा असते. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात मांडले की, कोठेही उपयोगी पडणाऱ्या शिक्षणावर मालक खर्च करणार नाही, कारण शिकलेला कामगार दुसरीकडे जाईल. येथे मात्र कामगार सहज जाऊ शकत नाही. व्हिसा आणि परतफेडीची अट, अशा दोन दोरांनी तो बांधलेला असतो. म्हणूनच मालकाला ही गुंतवणूक परवडते. श्रमाच्या बाजारात खरेदीदाराची मक्तेदारी वेतन कसे दाबून ठेवते, याचे विवेचन जोन रॉबिन्सन यांनी १९३३ सालीच केले होते. ही मक्तेदारी येथे खुद्द सरकारच उभी करते.

घरातील दुसऱ्या माणसाची, बहुधा पत्नीची, स्थिती नेमकी उलट आहे. अवलंबिताच्या व्हिसावर तिला शिकता येते, पण कमावता येत नाही. २०१५ पासून कायम वास्तव्याच्या रांगेत पुढे सरकलेल्यांच्या जोडीदारांपैकी काहींनाच कामाची परवानगी मिळू लागली.

कोणी विचारील की, इतका पगार घेणाऱ्या तंत्रज्ञांसाठी समाजवाद्यांनी का कळवळावे? शोषणाची कसोटी केवळ पगाराच्या आकड्यावर लागत नाही. नाही म्हणण्याची आणि उठून दुसरीकडे जाण्याची ताकद कामगाराजवळ आहे काय, हा खरा प्रश्न आहे. कोकणातून आखातात गेलेल्या मजुराला मालकाच्या जामीनकीने जखडले, त्याच तत्त्वावर हा व्हिसा उभा आहे. दोघांच्या हालअपेष्टांत अंतर आहे, पण गाठ एकाच जातीची आहे. शिवाय बांधलेला कामगार स्वस्त पडतो, तेव्हा तेथील स्थानिक कामगाराचीही सौदाशक्ती घटते. म्हणून हा भारतीय विरुद्ध अमेरिकन असा झगडा नाही.

श्रमिकाने शिकावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली डॉ. आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडावा लागला. मुंबईत प्राध्यापकी करून पैसा जमवल्यावर १९२० साली ते परत गेले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७४ साली भरपगारी शैक्षणिक रजेचा १४० क्रमांकाचा करार संमत केला. अमेरिकेने त्यास मान्यता दिलेली नाही, भारतानेही नाही.

तेव्हा मागण्या दोन्ही सरकारांकडे करावयास हव्यात. कामाचा परवाना मालकाच्या नव्हे, कामगाराच्या नावाने असावा. नोकरी गेल्यास चालू सत्र पुरे करण्याइतकी मुदत मिळावी. आणि भारताने १४० क्रमांकाचा करार स्वीकारून प्रथम आपल्या घरातील कामगाराला अभ्यासाची रजा द्यावी. पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत रात्रपाळी करून परीक्षेला बसणाऱ्यांना जे नाकारले जाते, ते परदेशातील आपल्या माणसांसाठी मागण्याचा नैतिक अधिकार त्याखेरीज कसा मिळणार?