ओढायचं किती, पेलायचं किती



या महिन्याचा विषय जड आहे, अगदी किलोच्या हिशेबात जड. गेले तीन महिने आमच्या घरी नोकरी, मुलीची शाळा आणि किराणा सोडला तर एकाच गोष्टीची चर्चा चालली होती: आहे तो पिकअप ट्रक ठेवायचा की त्याहून दणकट घ्यायचा. बेळगावच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ही बातमी गेली तेव्हा एका मावसभावाने विचारलं, "सॉफ्टवेअर सोडून ट्रान्सपोर्टचा धंदा काढलास की काय?"

धंदा नाही. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो आणि सुट्टीत ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन हिंडतो. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचं छोटं घर: झोपायची जागा, गॅसची शेगडी, फ्रिज, संडास, पाण्याची टाकी. याला स्वतःचं इंजिन नसतं. तो गाडीच्या मागे जोडून न्यायचा, कॅम्पग्राउंडवर सोडवून ठेवायचा आणि गाडी घेऊन फिरायला जायचं. आमचा जुना ट्रेलर तिघांपुरता, भरून साधारण १८०० किलोचा. आमच्या पिकअपला तो अजिबात जड नव्हता.

आता आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत. बाबांना यलोस्टोन बघायचं आहे. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तंबू बाद. रोज नवं हॉटेल, रोज बॅगा उचला, बाहेरचं खा, हेही तिला नको आहे. "माझी भाकरी मी करीन, मला फक्त शेगडी द्या," हे तिचं म्हणणं. म्हणून पाचजणांचा, भरून ३२०० किलोपर्यंत जाणारा ट्रेलर बघायला गेलो. विक्रेत्याने आमच्या ट्रकचं मॉडेल विचारलं आणि म्हणाला, "तुमचा ट्रक ५००० किलो ओढतो. बिनधास्त घ्या."

ट्रकच्या माहितीपत्रकात तसंच छापलेलं आहे. पण त्या आकड्यावर विसंबून ट्रेलर घेता येत नाही, आणि आजचा लेख त्याबद्दलच आहे. तुमच्यापैकी कुणाचा भाऊ किंवा आत्येबहीण अमेरिकेत, कॅनडात असेल आणि असा बेत करत असेल, तर हा हिशेब त्यांना जरूर पाठवा. (इथे सगळं पाउंडात चालतं. आपल्या सोयीसाठी मी किलोत सांगतो.)

ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं. ऊस भरून दोन ट्रॉल्या नेणारा ट्रॅक्टर आपल्याकडे दर हंगामात दिसतो. ट्रॅक्टर ओढतो जबरदस्त. पण चढावर त्याची पुढची चाकं उचलली जातात, तेव्हा आपण स्कूटर बाजूला घेतो. तिथे ताकद कमी पडलेली नसते. पुढच्या चाकांवर वजनच उरत नाही, मग स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाही.

ट्रेलरचं पुढचं टोक ट्रकच्या हिचवर टेकतं आणि तिथे खाली वजन टाकतं. इथे याला टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. कमी असेल तर ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे झोलू लागतो आणि वेगात असताना तो सावरणं फार कठीण असतं. हे फोनवर समजावत होतो, तर बाबा म्हणाले, "म्हणजे गाडी उलाळ नको. अरे, बैलगाडी भरताना हेच बघायचे आमचे आजोबा. मागे जास्त भरलं की उलाळ होते, जू वर उचलतं. पुढे जास्त भरलं की धुरजड, बैलांच्या मानेवर येतं." इथल्या पुस्तिकेत दोन पानं लागली त्याला बाबांना दोन शब्द पुरले. ट्रेलरही थोडा धुरजडच भरावा लागतो. प्रश्न एवढाच की बैलाला किती झेपतं.

ते झेपणं ट्रकच्या दारात लिहिलेलं असतं. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर टायरच्या हवेची माहिती देणारा स्टिकर दिसतो. त्यावर एक ओळ असते: माणसं आणि सामान मिळून वजन इतक्या किलोच्या वर जाऊ नये. हा पेलोड. माहितीपत्रकातला आकडा त्या मॉडेलच्या एका ठरावीक रूपाचा असतो. दारावरचा आकडा मात्र तुमच्या ट्रकचा, कारखान्यातून त्यावर जे काही बसवून आलं ते धरून काढलेला. सनरूफ, मोठी चाकं, चामड्याच्या सीट, प्रत्येक सोय थोडा थोडा पेलोड खाते. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत शेकडो किलोंचा फरक पडू शकतो.

आमच्या ट्रकच्या दारावर ६७० किलो लिहिलं आहे. आता नव्या ट्रेलरचा हिशेब बघा. टंग वेट १३ टक्के धरलं तर ४१५ किलो. हिचचा लोखंडी सांगाडा ४० किलो. मी, बायको आणि मुलगी १६४ किलो. आई-बाबा १२८ किलो. हौद्यात जनरेटर, बर्फाची पेटी, हत्यारं, सरपण मिळून ९० किलो. बेरीज ८३७. म्हणजे १६७ किलो जास्त. आई-बाबांना वगळलं तरी ७०९, म्हणजे तरीही जास्तच. ५००० किलो ओढणारा ट्रक ३२०० किलोच्या ट्रेलरला नापास झाला, कारण ओढण्याची मर्यादा यायच्या कितीतरी आधी पेलण्याची मर्यादा आली.

मग तो ५००० चा आकडा खोटा का? नाही. अमेरिकेत ओढण्याची क्षमता ठरवायला एसएई या संस्थेचं जे२८०७ नावाचं मानक आहे. त्यातली एक चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या सुमारे १८ किलोमीटरच्या चढावर आधारलेली आहे. एसी पूर्ण चालू ठेवून अशा ट्रकने तो चढ ताशी ६४ किलोमीटरच्या खाली न येता चढायचा असतो. चाचणी कडक आहे. पण त्यात ट्रकमध्ये माणसं धरतात दोन, प्रत्येकी ६८ किलोची, आणि टंग वेट धरतात १० टक्के. पाच माणसं, बर्फाची पेटी आणि भाकरीचा तवा त्यात नाही.

स्प्रिंगच्या दांड्या असलेली एक हिच मिळते, ती ट्रकच्या मागच्या चाकांवरचं थोडं वजन पुढच्या चाकांवर आणि थोडं ट्रेलरच्या चाकांवर ढकलते. ती हवीच. पण त्याने दारावरचा आकडा वाढत नाही. एअर बॅग किंवा जादा पाटे बसवूनही वाढत नाही. मागची बाजू बसलेली दिसत नाही इतकंच. ॲक्सल, टायर आणि ब्रेक तेच राहतात.

इथे पिकअपच्या तीन पायऱ्या आहेत. अर्धा टन, म्हणजे एफ-१५० किंवा सिल्व्हराडो १५०० वगैरे. पाऊण टन, म्हणजे एफ-२५० किंवा २५००. एक टन, म्हणजे एफ-३५० किंवा ३५००. ही नावं जुन्या काळच्या वजनावरून पडली, आज त्यांचा टनाशी संबंध नाही. ओळखायची सोपी खूण: अर्ध्या टनाच्या चाकाला सहसा सहा नट असतात, वरच्या दोन्हींना आठ. फरक नुसता इंजिनाचा नसतो. चॅसी जाड, मागचा ॲक्सल वेगळ्या बांधणीचा, ब्रेक मोठे, पाटे कडक, आणि टायर जास्त हवा घेणारे.

मला जास्त काळजी उताराची होती. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा इंटरस्टेट ७० आयझेनहॉवर बोगद्यातून जातो. तिथली उंची सुमारे ३४०० मीटर. दोन्ही बाजूंना लांबलचक उतार आहेत आणि वाटेत ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी कडेला वाळू-खडीचे चढते रस्ते बांधून ठेवले आहेत. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात, पण पाय सतत ब्रेकवर ठेवला तर तेही तापतात. आंबोली किंवा चोर्ला घाटातले जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. इथल्या ट्रकांत टो-हॉल नावाचं बटण असतं. ते दाबलं की गाडी उतारावर स्वतःच खालचा गिअर धरून ठेवते. वजन झेपणारा ट्रक असेल तरच या युक्तीचा पूर्ण उपयोग होतो.

यलोस्टोनच्या वाटेवर उतारापेक्षा वारा जास्त. वायोमिंगमधला इंटरस्टेट ८० त्यासाठी कुप्रसिद्ध आहे, वारा फार वाढला की उंच आणि हलक्या गाड्यांना तो बंदच करतात. अशा वाऱ्यात मागचं घर ट्रकला हलवणार की ट्रक घराला धरून ठेवणार, हे ट्रकच्या स्वतःच्या वजनावर बरंच अवलंबून असतं.

इथपर्यंत आलो की कुणीही म्हणेल, मग सरळ मोठा डिझेल घ्या. तिथेही दारच उघडून बघावं लागतं. पाऊण टनाच्या अनेक ट्रकांचं भरलेलं एकूण वजन ४५३६ किलो, म्हणजे १०,००० पाउंड, एवढ्यावर बांधलेलं असतं, कारण तिथे सरकारी वर्गवारीची रेघ आहे. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा बरंच जड. एकूण मर्यादा तीच आणि इंजिन जड, म्हणजे पेलोड कमी. एकाच आवारात शेजारी उभ्या दोन ट्रकांच्या दारावर मी वाचलं: पेट्रोल १३४० किलो, डिझेल ९३०. दोन्ही एकाच मॉडेलचे.

डिझेलच्या बाजूने बोलायचं तर, टर्बोमुळे उंचीवर त्याची ताकद फारशी घटत नाही. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे आयझेनहॉवर बोगद्यापाशी जवळपास तिसरा हिस्सा. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेकही उतारावर फार कामाचा. पण नव्या ट्रकात त्यासाठी सुमारे १०,००० डॉलर जास्त मोजायचे आणि देखभालही महाग. वर्षाला आमच्या पाच-सहा सहली. चढावर उजव्या लेनमधून ट्रकवाल्यांच्या मागे हळूहळू गेलो तर काही बिघडत नाही. आम्ही पेट्रोलच ठरवला, चार वर्षं वापरलेला, दारावर १३४० वाला. ८३७ गेले तरी ५०० किलो शिल्लक.

किंमत फक्त पैशांत मोजून भागत नाही. हा ट्रक सहा मीटरपेक्षा लांब आहे, आमच्या गॅरेजमध्ये मावत नाही. रिकामा असताना खड्ड्यात आदळतो, कारण पाटे कडक. ट्रेलर जोडल्यावर लिटरला चार किलोमीटर धावला तर नशीब. विकत घेताना मायलेजचा सरकारी तक्ताही मिळत नाही, कारण एवढ्या वजनदार गाड्यांना तो लावणं बंधनकारकच नाही. बायकोने दुसरा पर्याय मांडला होता: ट्रेलर छोटाच ठेवू, आई-बाबांसाठी चार दिवस केबिन भाड्याने घेऊ. वर्षात एकदाच जाणाऱ्याला तोच शहाणपणाचा आहे. आमच्याकडे आई-बाबांचे सहा महिने आणि पाच-सहा सहली आहेत म्हणून पारडं इकडे झुकलं. फक्त फोटोत भारी दिसतो म्हणून एवढा ट्रक घेणाऱ्यांना मात्र रोज पार्किंग शोधण्यासाठी शुभेच्छा.

शेवटी एक काम उरतंच. सगळी बेरीज कागदावरची. खरं वजन काट्यावर कळतं. इथे हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात, साधारण १५ डॉलरमध्ये पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरची चाकं यांचं वेगवेगळं वजन छापून मिळतं. आधी ट्रेलर जोडून, मग सोडवून, असं दोनदा वजन केलं की हिचवर नेमकं किती येतं तेही निघतं. आपल्याकडे साखर कारखान्याच्या काट्यावर काटामारीची भीती असते. इथे काट्याला फसवून फायदा नाही, मागच्या सीटवर आपलीच माणसं बसलेली असतात.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी किती माणसं, मग त्यांना पुरेल असा ट्रेलर, मग त्या ट्रेलरचं भरलेलं वजन (रिकामं नव्हे), मग टंग वेट, माणसं आणि सामान यांची बेरीज. ती हातात घेऊन ट्रक बघायला जा, आणि विक्रेत्याने इंजिनाचं कौतुक सुरू करण्याआधी ड्रायव्हरचं दार उघडा.

आई-बाबा मे महिन्यात येतायत. काट्यावर सगळ्यांचं वजन होणार हे कळल्यापासून आईने फराळाच्या डब्यांची यादी दोनदा बदलली आहे. कुंदा मात्र दोन किलो येणारच आहे, तो मी हिशेबात धरला आहे.