स्वतंत्र माध्यम नेमके कोणापासून स्वतंत्र? मराठवाड्याच्या इतिहासातील तीन कसोट्या

१/ #थ्रेड
गावोगावी आज ‘स्वतंत्र माध्यम’ म्हणवणारी पोर्टले, यूट्यूब वाहिन्या आणि व्हॉट्सॲपवरील बातमीगट उभे राहिले आहेत. धाराशिव जिल्ह्यातील ढोकीसारख्या गावातही बातमी आधी मोबाइलवर पोहोचते, कागदावर नंतर. मात्र ‘स्वतंत्र’ या विशेषणाचा अर्थ क्वचितच विचारला जातो. स्वतंत्र, पण कोणापासून?

२/ या प्रश्नाची तीन उत्तरे मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात सापडतात: सत्तेपासून, पैशापासून आणि स्वतःच्या वाचकांपासून. पहिल्या दोन कसोट्यांचा गौरव पुष्कळ होतो. तिसरी सर्वांत अवघड आहे आणि माध्यमांचे मूल्यमापन करताना तीच नेहमी विसरली जाते.

३/ आधी भूगोल. १९४८ पर्यंत ढोकी हैदराबाद संस्थानाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होती. पश्चिमेची बार्शी मात्र ब्रिटिश अमलाखालील सोलापूर जिल्ह्यात. बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली. म्हणजे एकच गाडी काही तासांत दोन राजवटी आणि दोन कायदे ओलांडत असे.

४/ १९४१ च्या जनगणनेत संस्थानाची लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या पुढे होती. राज्यकारभार आणि उच्च शिक्षण उर्दूत. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ नुसार पूर्वपरवानगी हवी. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली.

५/ अशा काळात आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक काढले. छपाई निजामाच्या हद्दीबाहेर, वाचक हद्दीच्या आत. संस्थानाने अंकावर बंदी घातली की पत्र नवे नाव धारण करून पुन्हा सीमेपलीकडून आत येई. बंदी नावावर होती, मजकुरावर पकड बसत नव्हती.

६/ आज एखादे संकेतस्थळ बंद झाले की दुसऱ्या पत्त्यावर उघडते, त्याचा सर्व्हर भलत्याच देशात असतो. ही युक्ती नवी वाटते, पण मराठवाड्याच्या वाचकांना ती इंटरनेटच्या कितीतरी आधी ठाऊक होती. ‘छापखाना कोणत्या कायद्याखाली उभा आहे?’ हा स्वातंत्र्याचा पहिला व्यावहारिक प्रश्न आहे.

७/ सीमेचा हा आडोसा सर्वांनाच नव्हता. शोएबुल्ला खान हे हैदराबाद शहरात राहूनच लिहीत. ‘रय्यत’ या उर्दू पत्रावर बंदी आल्यानंतर त्यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये ‘इमरोज’ सुरू केले. संस्थान भारतात विलीन व्हावे आणि रझाकारांच्या हिंसेला आळा बसावा, ही त्यांची उघड भूमिका होती.

८/ २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कार्यालयातून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. गोळ्या झाडण्यात आल्या, लिहिणारा हात तोडण्यात आला. त्यांनी अजून तिशीही गाठली नव्हती. महिना उलटण्यापूर्वीच, १३ सप्टेंबरला, भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

९/ रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. ज्या जिल्ह्यात ‘मराठवाडा’चे अंक चोरून वाचले जात, त्याच जिल्ह्यात ते अंक बंद पाडू पाहणारे राजकारणही वाढत होते.

१०/ दुसरी कसोटी पैशाची. अहमदनगर जिल्ह्यातील तरवडी या खेड्यातून सत्यशोधक मुकुंदराव पाटील ‘दीनमित्र’ चालवत. १९१० मध्ये सुरू झालेले हे साप्ताहिक १९६७ पर्यंत निघाले. शहराचा आधार नाही, मोठ्या व्यापाऱ्याचा वरदहस्त नाही. खेड्यात बसून खेड्यासाठी लिहिणे अर्धशतकाहून अधिक काळ शक्य आहे, याचा हा पुरावा.

११/ ‘मूकनायक’चा अनुभव कडवट. ३१ जानेवारी १९२० रोजी त्याचा पहिला अंक निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. ‘केसरी’ने मात्र या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास नकार दिला. परकीय सत्तेशी झुंजणारे पत्रही कोणाच्या शब्दाला जागा द्यायची, हे आपल्या वर्तुळातूनच ठरवत होते.

१२/ पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ आले. त्याचे चोवीस-चोवीस रकाने डॉ. आंबेडकर एकहाती भरत. अंकाची निकड होती, वाचक होते, परंतु वर्गणी भरू शकणारे हात थोडे होते. १९२९ मध्ये ते बंद पडले. बंदीच्या हुकुमाची गरजच पडली नाही. पत्र मारण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्याला आर्थिक आधार मिळू न देणे.

१३/ आता तिसरी, अवघड कसोटी. रझाकारांनी संस्थानातील प्रजेवर केलेले अत्याचार मराठवाड्याने जतन करून ठेवले आहेत आणि ते योग्यच आहे. पण १९४८ च्या अखेरीस केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आदींचे एक मंडळ संस्थानात पाठवले होते. त्याचा अहवाल वेगळ्या मृतांविषयी बोलतो.

१४/ पोलीस कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर झालेल्या हिंसेत २७,००० ते ४०,००० माणसे मेली असावीत, असा त्या मंडळाचा अंदाज होता. बळी प्रामुख्याने मुस्लिम. सर्वाधिक झळ पोहोचलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांतच किमान १८,००० मृत्यू. हा अहवाल अनेक दशके सरकारने प्रसिद्ध केला नाही.

१५/ आकड्यांवर वाद होऊ शकतो, व्हायलाही हवा. परंतु दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामावर भरभरून लिहिणाऱ्या किती माध्यमांनी आपल्याच जिल्ह्याचे नाव असलेला हा अहवाल वाचकांपुढे ठेवला? येथे आज कोणी हुकूमशहा आडवा येत नाही. आडवी येते ती ‘आपल्या लोकांना हे आवडणार नाही’ ही भीती.

१६/ दुसरा दाखला. स्वातंत्र्यानंतर ‘मराठवाडा’ औरंगाबादेतून निघू लागले आणि अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली प्रदेशाचा आवाज बनले. आणीबाणीत भालेराव तुरुंगात गेले. सत्तेपुढे न वाकण्याची परंपरा त्यांनी पाळली, याबद्दल दुमत नाही.

१७/ मात्र २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, तेव्हा ‘मराठवाडा’ची भूमिका नामांतराच्या विरोधात राहिली. प्रदेशभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे सुमारे साडेपंधरा वर्षांनी.

१८/ प्रादेशिक अस्मितेचा मुद्दा प्रामाणिकपणे मांडला गेला असेलही. पण निजामापासून आणि इंदिरा गांधींच्या सरकारपासून स्वतंत्र असलेले पत्र आपल्या बहुसंख्य वाचकांच्या कलापासून स्वतंत्र राहू शकले नाही, असे म्हणावे लागते. शौर्याच्या दोन कसोट्या उत्तीर्ण झाल्या म्हणून तिसरी आपोआप सुटत नाही.

१९/ या कसोटीवर शोएबुल्ला खान वेगळे ठरतात. ते उर्दूत, हैदराबादेत, ज्या वाचकांमध्ये रझाकारांचे समर्थक होते त्याच वाचकांसाठी लिहीत होते. टाळ्या मिळवणारा मजकूर त्यांना सहज लिहिता आला असता. त्यांनी आपल्याच माणसांना नको असलेले लिहिले.

२०/ वर्तमानाकडे येऊ. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात रिफायनरीविरोधी आंदोलनाच्या बातम्या देणारे शशिकांत वारिशे यांचा वाहनाच्या धडकेत मृत्यू झाला आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला. पहिली कसोटी अजून संपलेली नाही.

२१/ दुसरीही नाही. ढोकीचा तेरणा साखर कारखाना अनेक वर्षे बंद होता. असा कारखाना थांबला की ऊस, कामगार आणि बाजारपेठ असे सारेच थांबते. ही बातमी रोज द्यावी लागते, ती गावातल्याच माध्यमाने. पण त्या माध्यमाचे उत्पन्न बहुधा पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिरातींवर असते. कारखान्याच्या राजकारणात तेच पुढारी असतील, तर लेखणी कुठे अडखळेल हे सांगायला नको.

२२/ पुरस्कारांचे काय? ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला, म्हणून त्या दिवशी पत्रकार दिन आणि गौरव सोहळे होतात. २००८ च्या सुमारास ‘स्टार माझा’ वाहिनीने ‘ब्लॉग माझा’ स्पर्धा घेतली आणि घरी बसून लिहिणाऱ्या मराठी ब्लॉगलेखकांना दाद मिळाली. नव्या माध्यमाला अशी दाद आवश्यक असते.

२३/ पण मते, पसंती, सदस्यसंख्या आणि प्रेक्षकसंख्या मोजून दिलेला पुरस्कार तिसरी कसोटी उलटी लावतो. जो वाचकांना हवे तेच देतो, तो जिंकतो. अल्गोरिदमचा न्यायही हाच आहे. त्या न्यायाने १९४८ मध्ये ‘इमरोज’ला आणि १९७८ मध्ये नामांतराच्या बाजूने लिहिणाऱ्या एखाद्या गावच्या पत्राला किती पसंती मिळाली असती?

२४/ यावर आक्षेप रास्त आहे: वाचक दुखावला की छोटे पोर्टल बुडते, तत्त्वावर वीजबिल भरता येत नाही. ‘बहिष्कृत भारत’ची कहाणी हेच सांगते. म्हणूनच जबाबदारी एकट्या संपादकावर टाकता येत नाही. न पटणारी बातमी वाचूनही वर्गणी चालू ठेवणारा वाचक हा स्वतंत्र माध्यमाचा अर्धा मालक असतो.

२५/ त्यामुळे पुरस्काराच्या अर्जात एक रकाना वाढवावा: ‘गेल्या वर्षी तुमच्याच वाचकांना न आवडलेली, पण खरी असलेली कोणती बातमी तुम्ही दिलीत?’ जे माध्यम हा रकाना कोरा ठेवील, ते लोकप्रिय असेल, शूरही असेल. त्याला स्वतंत्र म्हणण्याची घाई करू नये.

#मराठवाडा #धाराशिव #वृत्तपत्रांचाइतिहास