हत्ती ‘बघायला’ जाणाऱ्यांनो...

गेल्या सप्टेंबरात, गणपती आटोपल्यावर, चंदगडला जाऊन आलो. शुक्रवारी रात्री हिंजवडीतून बस, शनिवारी सकाळी पाटणे फाट्यावर चहा, रविवारी रात्री परत. सोमवारी सकाळच्या मीटिंगला हजर. बरोबर सोळा जण, बहुतेक आपल्यासारखेच कीबोर्ड बडवणारे, आणि दोन निसर्गतज्ज्ञ. ट्रिप छान झाली, फोटोही छान आले. आणि तरीसुद्धा आज मी भांडायला बसलोय. आधी माझ्याशी, मग तुमच्याशी.

झालं असं. शनिवारी दुपारी एका वाडीजवळ ओल्या मातीत हत्तीच्या पावलाचे ठसे दिसले. परातीएवढे! आमच्यात एकच गलबला. कोणी ठशाशेजारी बूट ठेवून फोटो काढतोय, कोणी ‘आज रात्री साइटिंग होणार का?’ विचारतोय. ठसे जिथून आले होते तिकडे मात्र कोणी बघितलं नाही. तिकडे अर्धा एकर भात लोळवलेलं होतं आणि बांधावर एक काका गप्प उभे होते.

मी जवळ जाऊन विचारलं, “काका, रात्री आला होता का?”

“आला न्हवता, आलेतं. दोन हुते.” मग आमच्या कॅमेऱ्यांकडे बघत म्हणाले, “हत्ती बघायला आलाय व्हय? ऱ्हावा की आठ दिस. फटाकं देतो, रातीला माळ्यावर बसा. मग सांगा कसा दिसतोय त्यो.”

ह्यावर काय बोलणार? मी ‘पंचनामा झाला का’ वगैरे काहीतरी पुटपुटलो आणि बसमध्ये येऊन बसलो.

हत्ती ह्या भागाला नवे आहेत हे आपल्याला माहीतच नसतं. २००२ च्या सुमारास ते कर्नाटकातून दोडामार्गात उतरले आणि पुढे चंदगड-आजऱ्यात वावरू लागले. इथे पाणी आहे, ऊस आहे, भात आहे, केळी आहेत. हत्तीचा त्यात काय दोष? पण हत्ती कसा हाकावा, पिकाची भरपाई कशी मिळवावी, रात्र कशी काढावी हे सगळं वाडीवरच्या माणसांना पहिल्यापासून शिकावं लागलं. आपल्या भाषेत सांगायचं तर नवीन सिस्टीम थेट प्रोडक्शनवर आली, ट्रेनिंग शून्य, आणि रोजची नाइट शिफ्ट शेतकऱ्याची. आपण फक्त डेमो बघायला जाणारे!

रात्रीची गोष्ट तर आणखी वाईट. टॉर्च घेऊन बेडूक-साप बघायला निघालो. एका झुडपावर हिरवा चापडा बसला होता, अगदी शांत. जागा अडचणीची, मागे पाला, फोटो नीट येईना. तर एका ‘सीनियर’ मेंबरने काठीने त्याला अलगद उचलून मोकळ्या फांदीवर ठेवला. मग पंधरा मिनिटं फ्लॅश. नंतर एक बेडूक हातोहात फिरला, आणि हाताला डास पळवणारं क्रीम! बेडूक कातडीनेही श्वास घेतो, त्यामुळे आपल्या हातावरचं रसायन त्याच्या अंगात उतरतं, हे त्याच दुपारी आमच्या तज्ज्ञांनी सांगितलं होतं. ते तज्ज्ञ तिथेच उभे होते. बोलले नाहीत. आम्ही ‘कस्टमर’ होतो ना. आणि खरं सांगतो, मीही बोललो नाही. माझ्या कॅमेऱ्यात त्या चापड्याचे सात फोटो आहेत.

आता कोणी म्हणेल, शहरी माणसाला गोडी लागल्याशिवाय जंगल वाचणार कसं? मुद्दा बरोबर आहे. सड्यावर वाकून सीतेची आसवं पाहिली, ती इवलीशी निळी-जांभळी फुलं पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतात हे ऐकलं, की तो सडा ‘पडीक जमीन’ राहत नाही. ह्याच कोल्हापूर जिल्ह्यात सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या आहेत, तेव्हा सड्याला पडीक न म्हणणारा माणूस हवाच आहे. प्रश्न गोडीचा नाही. गोडी लागल्यावर आपण काय करतो, हा आहे.

एक उदाहरण देतो. चंदगडच्या शेजारी आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी देवळाचं कुंड आहे. तिथला एक छोटासा मासा विज्ञानाला २०२० साली कळला, नदीवरूनच त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी असं नाव मिळालं, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. आपण वाचलं, ‘नवीन मासा सापडला’. पण संशोधक पोचेपर्यंत ते पाणी आणि तो मासा टिकले कसे? पिढ्यानपिढ्या गावाने त्या कुंडाला देवाचं मानलं म्हणून. नाव शास्त्रज्ञांनी दिलं, राखण गावाने केली. दोन्ही कामं मोठी. बातमी मात्र एकाच कामाची होते.

आता कायदा बघा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने चंदगडच्या सुमारे २२५ चौ.किमी. जंगलाला ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ करायला मंजुरी दिली. राधानगरीकडून तिलारी आणि पुढे कर्नाटकातल्या भीमगडपर्यंतच्या जंगलपट्ट्यातला हा दुवा. अशा क्षेत्राचा निर्णय स्थानिकांशी सल्लामसलत करून घ्यायचा असतो आणि व्यवस्थापन समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांनी सांगितलेल्या माहितीची नोंदवही असायला हवी.

म्हणजे कायद्याने गावाला टेबलापाशी खुर्ची दिली आहे. आपल्या ट्रिपमध्ये गावाला जागा कुठे? चुलीपाशी! भाकरी करायला, पिठलं वाढायला, आणि फार तर वाट दाखवायला. नरक्याचं झाड कुठलं, कॅन्सरच्या औषधासाठी त्याची चोरटी तोड कशी होते, हे आम्हाला स्लाइडवर दाखवलं. वाट दाखवणाऱ्या दादांना कोणी काही विचारलंच नाही. मी जेवताना सहज विषय काढला तर ते अर्धा तास बोलत होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जा, जरूर जा. पण बुकिंग करण्याआधी चार प्रश्न विचारा. गावातला माणूस तज्ज्ञ म्हणून बरोबर असणार का, आणि त्याला तज्ज्ञाचं मानधन मिळणार का? प्राण्याला हात लावणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवणार का? दुर्मीळ जिवांची नेमकी जागा नेटवर टाकणार नाही ना? आणि जे दिसलं त्याची यादी गावाच्या नोंदवहीसाठी पंचायतीला देणार का? उत्तरं गुळमुळीत आली तर पैसे परत मागा. आपण मोबाइल घेताना ह्याच्या दहापट प्रश्न विचारतो!

तज्ज्ञांनाही हात जोडून विनंती. तुम्ही कस्टमरला नाराज करा हो. तुम्ही त्या रात्री एक शब्द बोलला असता तर आम्ही नक्की ऐकलं असतं.

मी घरी आल्यावर चापड्याचे सातही फोटो डिलीट केले. त्याने चापड्याला काही फरक पडत नाही हे कळतंय मला. आमच्या ग्रुपची ऐंशी प्रजातींची यादी मात्र मराठी नावांसकट त्या पंचायतीला पाठवली आहे. आणि पुन्हा जाणार आहे, ह्या वेळी वीकेंडला नाही. चार रजा टाकल्यात. काकांनी माळ्यावर बसायला बोलावलंय, आणि फटाके माझ्याकडून.

असो. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण ते चार प्रश्न विचारून आल्यावर.