रित्या ओटीचा दंड

२०११ च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया आढळल्या. मध्य प्रदेशात हे प्रमाण सर्वांत वरचे होते. मुलीला गर्भातच नाकारणाऱ्या जिल्ह्यांची यादी वाचून मान खाली घालणाऱ्या देशाला हा आकडा दिलासा देणाराच होता. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला. परंतु गोंदिया-भंडाऱ्याशी असलेला त्याचा रोटीबेटीचा व्यवहार काही तुटला नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना शेते भाताचीच आहेत आणि सुनेकडून असलेल्या अपेक्षाही त्याच आहेत. मात्र स्त्रियांची संख्या अधिक असणे आणि स्त्रीचा मान अधिक असणे या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांतील अंतर मोजायचे असेल, तर लग्नाला सहा-सात वर्षे होऊनही जिच्या घरी पाळणा हलला नाही, अशा सुनेकडे पाहावे. ती बालाघाटची असो की आमच्या सागरकाठच्या एखाद्या गावची, तिच्या कहाणीत फारसा फरक पडत नाही.

डोहाळजेवणाचे आमंत्रण तिला येत नाही. आले, तरी ओटी भरण्यासाठी तिला कोणी पुढे बोलावीत नाही. बारशाच्या घरी तान्हे मूल तिच्या हाती देताना आईचा हात क्षणभर थबकतो. नवस, उपास, अंगारे, गंडेदोरे हे सारे तिच्याच वाट्याला येते. उघड बोललेले एकवेळ सोसता येते, न बोललेले सोसवत नाही. महिन्याच्या महिन्याला तिची आशा उमलते आणि कोमेजते. परंतु या दुःखाला सुतक नाही, म्हणून त्याला सांत्वनही नाही.

वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहू. वर्षभर नियमित संबंध असूनही गर्भ राहिला नाही, तर त्यास वंध्यत्व म्हणतात. जगातील प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे सहांतील एकास, आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा अनुभव येतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जाहीर केले. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या प्रकृतीचाही त्यात वाटा असतो. आपल्या देशात तर क्षयाचे जंतू खोकल्याची चाहूलही न देता गर्भनलिका बंद करतात. पुरुषाच्या वीर्याची तपासणी ही या साऱ्या तपासण्यांत सर्वांत सोपी आणि स्वस्त आहे. तरीही अनेक घरांत ती सर्वांत शेवटी होते, किंवा होतच नाही. तोवर पत्नीची वर्षे, घरातला पैसा आणि तिचे मन ही तिन्ही खर्ची पडलेली असतात.

हा मनाचा खर्च मोजलाही गेला आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वंध्यत्वाने ग्रस्त स्त्रियांची चिंता आणि खिन्नता कर्करोगाच्या व हृदयविकाराच्या रुग्णांच्या तोडीची आढळली. २०११ साली तर अशा जोडप्यांचे जीवनमान जोखण्यासाठी ३६ प्रश्नांची एक स्वतंत्र प्रश्नावली तयार झाली. तीत मनःस्थिती, शरीरस्वास्थ्य, पतिपत्नींचे नाते आणि समाजाची वागणूक यांची वेगवेगळी विचारपूस आहे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात यांपैकी किती प्रश्न विचारले जातात? सोनोग्राफीचा अहवाल पाहिला जातो. तो घेऊन आलेली बाई पाहिली जात नाही.

डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परीक्षानलिकेद्वारे गर्भधारणा झालेले बालक जन्मले, तेव्हा असंख्य घरांत आशेचा दिवा लागला. आज हे तंत्र शहरोशहरी पोहोचले आहे. २०२१ च्या कायद्याने त्यावर नियमन आणले. उपचाराचे परिणाम आणि यशाची शक्यता यांविषयी जोडप्याला समुपदेशन देणे दवाखान्यांवर बंधनकारक केले. परंतु जी बाई नागपूर-जबलपूरच्या अशा दवाखान्याची पायरी कधीच चढणार नाही, तिचे काय?

लोकसंख्येने दबलेल्या देशाने वंध्यत्वाची चिंता का वाहावी, असा प्रश्न कोणी करील. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. १९५२ पासून सरकार कुटुंबनियोजन शिकवीत आहे. ज्या शासनयंत्रणेने दारोदार जाऊन पाळणा लांबविण्यास सांगितले, तिनेच न हललेल्या पाळण्याकडे पाठ फिरवावी, हे न्यायाचे नव्हे. शिवाय मागणी अवास्तवही नाही. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस पतिपत्नी दोघांना एकत्र बोलवावे. पुरुषाची तपासणी प्रारंभीच व्हावी, क्षयाची शंका तपासली जावी आणि समुपदेशकाने सासूशीही चार शब्द बोलावेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून अस्तित्वात आहे. त्याला या दालनाशी जोडावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक गावोगावच्या आशा कार्यकर्तीने अशा घरी आवर्जून सांगावा.

उरलेले काम मात्र सरकारचे नाही, आपले आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना मूल झाले नाही. जोतीरावांनी दुसरे लग्न केले नाही. काशीबाई या विधवेच्या मुलाला त्यांनी आपला यशवंत मानले. १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवा करताना सावित्रीबाईंनी देह ठेवला. त्यांच्या आयुष्याला अपुरे म्हणण्याचे धैर्य आज कोणाला होईल? दत्तक हा कोणावर लादायचा उपाय नव्हे, आणि मूल हवेसे वाटणे हा दुबळेपणाही नव्हे. मूल होणे न होणे यावर स्त्रीची प्रतिष्ठा टांगून ठेवणे, हा मात्र अन्याय आहे.

या अन्यायात आम्ही पत्रकारही निर्दोष नाही. विधिमंडळातील निष्फळ वादाला ‘वांझोटी चर्चा’ म्हणण्याची सवय आमच्या लेखणीला जडली आहे. तो शब्द सकाळी चहासोबत कोणाच्या डोळ्यांत खुपत असेल, याचा विचार आम्ही केला नव्हता. निदान या स्तंभापुरता तो शब्द आजपासून आम्ही टाकून देत आहोत. पुढच्या डोहाळजेवणात जिची ओटी भरायची राहून जाते, तिला वाचकांनी हाताला धरून पुढे बोलवावे.