तंबूचे पंचांग आणि महोत्सवाचे पंचांग

मराठीत चित्रपट महोत्सवांविषयी जे लिहिले जाते त्यात कोणते चित्रपट आले, कोणते राहिले आणि परीक्षकांनी कोणावर अन्याय केला याची चर्चा पुष्कळ असते. महोत्सव वर्षाच्या कोणत्या महिन्यांत भरतो आणि त्या महिन्यांत कोणता प्रेक्षक कोठे असतो, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते तो आधी विचारावयास हवा. महोत्सव कोणासाठी भरतो याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या तारखांतच असते.

उदाहरणादाखल बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर व त्याच्या आसपासची गावे घेऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, मुकादमाची उचल घेतलेली असते आणि गळीत हंगाम आटोपेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, ही माणसे परमुलखात असतात. आता महोत्सव पाहा. गोव्यातील इफ्फी नोव्हेंबरात, पुण्याचा पिफ जानेवारीत, आणि मराठवाड्याचा म्हणून ज्याचा आम्हांस विशेष अभिमान, तो छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ महोत्सवही जानेवारीच्या सुमारास. ज्या दिवसांत तेथे ग्रामीण वास्तवावरील चर्चासत्रे रंगतात, त्याच दिवसांत ते वास्तव जगणारी माणसे उसाच्या फडात असतात. यात कोणाचा कट आहे असे आम्ही म्हणत नाही. थंडीचे दिवस सोयीचे असतात, पाहुण्यांच्या तारखा त्यावेळी जुळतात, एवढेच. पण सोय नेहमी कोणाची तरी असते.

याच मुलखाने चित्रपट पाहण्याचे दुसरे एक पंचांग पाहिले आहे, ते तंबूचे. टुरिंग टॉकीज पावसाळा संपला की निघत आणि पुन्हा पाऊस येईपर्यंत जत्रांमागून फिरत. ट्रकमध्ये प्रोजेक्टर, पत्र्याच्या डब्यांत रिळे, वर भोंगा. चैत्रात गावोगावच्या जत्रा भरतात, त्या वेळी ऊसतोडीला गेलेली माणसे परतू लागलेली असतात. तंबूवाल्याने समाजशास्त्र वाचलेले नव्हते. गल्ला कोठे जमेल एवढेच त्याला कळत होते. पण त्या व्यवहारी हिशेबात प्रेक्षकाच्या वर्षाचा विचार आपोआप होत असे. आमच्या महोत्सवांच्या उदात्त हेतूंत तो होत नाही.

तंबूचे गोडवे गाणे मात्र आम्हांस मान्य नाही. तेथे बहुधा भक्तिपट आणि मारधाडपट चालत. कनातीने बायकांची बाजू वेगळी केलेली असे. रिळे झिजलेली असत आणि आवाज भोंग्यासारखाच येई. २०१०नंतरच्या दशकात फिल्मच्या प्रती निघणे बंद होत गेले, डिजिटल यंत्रांचा खर्च अनेकांना पेलवेना आणि हा धंदा ओसरला. तो जसाच्या तसा परत आणा, असे म्हणण्यात अर्थ नाही. घेण्याजोगे आहे ते त्याचे तत्त्व: पडदा प्रेक्षकाकडे जातो, आणि प्रेक्षक मोकळा असेल तेव्हा जातो.

प्रत्यक्षात मात्र प्रवास उलट्या दिशेने झाला आहे. शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांचा, महाराष्ट्रातील याच फिरत्या तंबूंवरील 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. चंद्रपूरकडच्या खेड्यातील मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमांवरचा, जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' सप्टेंबर २०२३मध्ये टोरांटोत होता. आपल्याकडील चित्रपटगृहांत तो मार्च २०२५मध्ये आला. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५च्या जानेवारीअखेर सनडान्सचा मोठा पुरस्कार मिळाला आणि तो आपल्याकडे सप्टेंबरात प्रदर्शित झाला. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने चित्रपटगृह गाठले ते १४ फेब्रुवारी २०१४ला, ऐन गळीत हंगामात. या दिग्दर्शकांचा दोष नाही; त्यांनी आपले काम चोख केले. परंतु खेडे हा मराठी चित्रपटाचा विषय झाला, तो प्रेक्षक होणे मागे पडले, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तरी नजरेआड करू नये.

साहित्याच्या बाबतीत आपण इतके कंजूष नव्हतो. अखिल भारतीय साहित्य संमेलन एका शहरात ठाण मांडून बसत नाही. १९८३मध्ये ते बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला भरले, आणि अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर, ज्यांची लेखणी चित्रपटासाठीही चालली. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने खेड्यातल्या वाचनालयाला अनुदान मिळण्याची वाट झाली. पुस्तक गावात पोचावे यासाठी समाजाने आणि शासनाने काही करावे, हे तत्त्व आपण मान्य केले. चित्रपटासाठी मात्र १९६४मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले, १९६८मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ उभे राहिले, फिल्म सोसायट्यांनी मोलाचे काम केले. पण ती चळवळ मुख्यतः शहरांतच राहिली.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे मोबाइल. आता सर्व काही हातात आहे, तंबू कशाला? परंतु हातात असणे आणि मिळून पाहणे यांत फरक आहे. 'फँड्री'च्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड एकट्याने पाहिला तर तो जब्याची गोष्ट राहतो. सारा गाव एकत्र बसून पाहील तेव्हा तो कोणाकडे आला, हे प्रत्येकाला शेजाऱ्यासमक्ष ठरवावे लागेल. कलाकृतीचा हा सार्वजनिक कस मोबाइलवर लागत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक महोत्सवाने आपल्या निवडीतील तीन-चार चित्रपट हक्कधारकांची रीतसर परवानगी घेऊन चैत्र-वैशाखात उमापूरसारख्या गावांच्या जत्रेत, शाळेच्या पटांगणात न्यावेत. आणि तेथे जाताना इंग्रजी उपशीर्षके नेऊ नयेत. इराणी किंवा बंगाली चित्रपट मराठी माणसाने इंग्रजीच्या दारातून पाहावा, हा आपल्या महोत्सवांचा अलिखित नियम आहे आणि तोच बहुसंख्यांना दाराबाहेर ठेवतो. मराठी उपशीर्षके करणे हे भाषांतराचे काम आहे. दोन ओळींत, वाचणाऱ्याच्या वेगाने, बोलीचा तोल सांभाळून करावयाचे. मराठी विभागांतील विद्यार्थ्यांना याहून चांगला प्रकल्प आम्हांस सुचत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कोणीतरी मोठ्याने वाचीलही. पोथी ऐकण्याची सवय या मुलखाला जुनी आहे.

या कामाला चित्रनगरी लागत नाही, मोठे अनुदानही लागत नाही. तारखा ठरवताना आयोजकांनी पाहुण्यांच्या सोयीबरोबर गळीत हंगामही विचारात घेतला, तर सुरुवात झाली असे आम्ही समजू.