डोक्यातल्या यंत्राची देखभाल कोणी करायची?

बोलणे हिरावले गेलेल्या माणसाला यंत्राच्या मदतीने पुन्हा बोलता येते, हे आता प्रयोगात दिसले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील चमूने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एएलएस या स्नायूंवरचा ताबा हिरावत जाणाऱ्या आजाराच्या रुग्णाच्या मेंदूत २५६ इलेक्ट्रोड बसवले होते. तो जे बोलू पाहतो ते संगणक सुमारे ९७ टक्के अचूक लिहितो आणि त्याच्या आजारापूर्वीच्या आवाजात ऐकवतो. यात मनकवडेपणा काही नाही. ओठ-जीभ हलवण्यासाठी मेंदू जे आदेश सोडतो, तेवढेच यंत्र टिपते. अशा रुग्णाला ‘धोके आहेत, थांबा’ असे सांगण्याचा अधिकार धडधाकट माणसांना नाही.

पण शस्त्रक्रियेनंतरचे काय? मेंदूत असेच यंत्र बसवणाऱ्या न्यूरालिंक कंपनीच्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूतले इलेक्ट्रोडचे बरेचसे धागे काही आठवड्यांत जागेवरून सरकले. संगणकप्रणाली बदलून कंपनीने काम सावरले. कंपनी होती म्हणून सावरले. सेकंड साइटच्या रुग्णांच्या वाट्याला हे आले नाही. या कंपनीचे ‘आर्गस २’ मेंदूत नव्हे, डोळ्याच्या पडद्यावर बसायचे. अंधांना त्यातून प्रकाशाचे ठिपके दिसत. साडेतीनशेहून अधिक लोकांनी तिची उपकरणे बसवून घेतली. २०१९ मध्ये कंपनीने ते उत्पादन सोडले, पुढच्या वर्षी ती डबघाईला आली. दुरुस्ती नाही, सुटे भाग नाहीत. जुना मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकता येतो, हे कुठे टाकणार?

मेंदूचे संकेत टिपायला डोक्यावर बाहेरून बांधायच्या, रोजच्या वापराच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांची गोष्ट वेगळी आहे. कवटीवरून मिळणारा संकेत इतका क्षीण, की पापणी लवली किंवा जबडा आवळला तरी गडबड होते. तरीही चीनमधल्या एका प्राथमिक शाळेने मुलांचे ‘लक्ष’ मोजायला त्या वापरल्या. २०१९ मध्ये ओरड झाल्यावर ते बंद झाले. मोजमाप संशयास्पद, पण जमलेली माहिती मात्र खरीच. चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशीच उपकरणे विकणाऱ्या इमोटिव्ह कंपनीला एका माजी सिनेटरच्या मेंदूच्या नोंदी पुसायला लावल्या. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अशा नोंदींसाठी वेगळी तरतूद नाही.

म्हणून शाळा-कचेऱ्यांतल्या पट्ट्यांना सरळ नकार द्यावा. रोपणाला परवानगी द्यावी, मात्र कंपनी बुडाली तरी देखभाल चालेल एवढी रक्कम आधी बाजूला ठेवायला लावून. या अटीने यंत्र महागेल, काही छोट्या कंपन्या माघार घेतील आणि काही रुग्णांची प्रतीक्षा लांबेल. एएलएसच्या रुग्णाकडे वेळ थोडाच असतो. तरीही अट हवी. निदान प्रयोगातल्या रुग्णांसाठी तिचा भार सरकारने उचलावा.